चौदावी खिडकी

थंडर बेमध्ये ऑक्टोबर संपता संपता
सरोवरावरून जो वारा सुटतो
त्याला दार ठोठावण्याची रीत माहीत नाही.
तो चौकटीतून शिरतो,
जिथे काचेभोवतीचं लुकण वाळून
पोपड्यांनी सुटलेलं असतं.

हिल्का राउतिओच्या घराला चौदा खिडक्या.
लाकडी, एकेरी काचेच्या,
नवरा असताना शेवटच्या रंगवलेल्या.
मी पेटती मेणबत्ती घेऊन एकेकीपाशी गेलो.
ज्योत वाकली की खडूचा ठिपका.
तासाभरात घर देवी आल्यासारखं दिसू लागलं.
"तेलाचं बिल," ती म्हणाली,
"मी हल्ली टेबलावर पालथं ठेवते."

काम तसं सोपं आहे.
चौकट स्पिरिटनं पुसायची, नाहीतर पट्टी धरत नाही.
दोन्हीकडून चिकटणारी पट्टी चारी कडांना,
मग प्लास्टिकचा कागद,
कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ,
दोघांनी धरून, वरून खाली.
सुरुवातीला भयंकर दिसतं.
घड्या, सुरकुत्या, बोटांचे ठसे;
घरमालकाच्या तोंडावर लिहिलेलं असतं,
याच्यासाठी बोलावलं का ह्याला?

मग हेअर ड्रायर.
तो तिचाच होता, पिवळा, वायरला कापडाची गुंडाळी.
नवऱ्याला टक्कल; तो त्यानं
गाडीचं गोठलेलं कुलूप सोडवायचा.
कोपऱ्यापासून सुरू करायचं, वीतभर अंतरावरून, घाई न करता.
कागद आधी शहारतो,
मग ताणत ताणत दिसेनासाच होतो.
टिचकी मारली तर डफासारखा वाजतो.
काच आणि कागद यांच्यामध्ये
दोन बोटं हवा उरते,
कुठे जायचं नाही, कुठून यायचं नाही अशी.
सगळी राखण तीच करते, बसल्या जागी.

तेरा झाल्या.
चौदावी स्वयंपाकघरातली, गल्लीवरची,
सगळ्यांत गळकी. तिथे ज्योत वाकली नव्हती,
विझलीच होती.
"ही राहू दे."
मी हिशेब मांडला. एकटी हीच किती तेल पिते ते सांगितलं.
एप्रिलपर्यंत उघडता येणार नाही हे खरं, पण—
"म्हणूनच," ती म्हणाली.

सात वाजून दहा मिनिटांनी तिनं कडी काढली,
तावदान चार बोटं वर सरकवलं,
बाहेर उणे चार,
आणि गल्लीपलीकडच्या तेवढ्याच फटीला विचारलं,
"आर्मास, आहेस?"
"आहे," फट म्हणाली. "तू?"
"आहे."
तावदान खाली.

फोन दोघांकडेही आहे.
मी काही विचारलं नाही.
फॉर्मवर लिहिलं, चौदापैकी तेरा.
कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही,
म्हणून लिहिलं: चौकट वाकडी.

मार्चमध्ये तपासणीला गेलो, संध्याकाळ होत आली होती.
तेलाचं बिल टेबलावर उताणं होतं,
त्यावर चष्मा.
चौदाव्या खिडकीला कागद होता.
तिनंच लावलेला, एकटीनं, स्टुलावर चढून;
पट्टी तिरकी गेलेली,
वरच्या कोपऱ्यातून खालपर्यंत एक लांब सुरकुती.
पलीकडे आर्मासच्या खिडकीत
कोणी तरुण जोडपं शिडी लावून
भिंतीला हिरवा रंग देत होतं.

मी ड्रायर उचलला. ताणून देतो,
दोन मिनिटांचं काम.
"नको."

मग कॉफी आली, वेलचीचा पाव आला.
निघताना घालायचा कोट मी मांडीवरच धरून बसलो.
बाहेर वारा उठला.
बाकीच्या तेरा गप्प.
चौदावीचा सैल कागद फुगून आत आला,
जरा थांबला,
परत काचेकडे गेला.

हिल्का पावावर लोणी लावत होती.
मान वर न करता म्हणाली,
"आहे."